माझ्या नावाचं रान

२६ मे

पोचले एकदाची पातोयानला. जीपनीच्या, म्हणजे इथल्या लांबड्या प्रवासी जीपच्या, टपावर तांदळाची पोती, पायांत कोंबड्यांची टोपली, मांडीवर कुणाचं तरी झोपलेलं पोर, आणि अख्खी सकाळ दरीच्या कडेकडेनं धक्के खात. तरी आज मला कशाचाच राग आला नाही. आईची बोली सगळीकडून कानावर पडत होती. बागियो शहराच्या बाजारात ती बोलायला लागलं की लोक वळून बघतात, इथे मात्र कुत्र्यांनाही तीच कळते.

राहायची सोय साबिनाच्या माडीवर केली आहे. ही रोपवनाच्या कामावरच्या बायकांची मुकादम, विधवा, तोंडानं फटकळ. पायरीवरच म्हणाली, शहरात काय हवा खाऊन जगतेस की काय, नुसती काडी झालीयेस, आधी जेव मग सामान लाव. लाल तांदळाचा भात आणि घेवड्यात शिजवलेलं धुरावलेलं डुकराचं मांस वाढलं. मी मॅडम नको म्हटल्यावर लगेच आदिंग म्हणायला लागली. म्हणजे मी धाकटी बहीण झाले, आणि ती माझी मनांग, थोरली.

माडीच्या खिडकीतून समोरचा जळका उतार दिसतो. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात कुणीतरी गुरांच्या गवतासाठी काडी लावली आणि गावच्या एका घराण्याचं अख्खं पाइनचं रान गेलं. बियांची झाडंच जळाल्यामुळे आता तिथे आपसूक काही उगवत नाही. ते रान परत उभं करायचं, हे माझं काम. पावसाळा संपेपर्यंत रोपं धरली तर मला वनखात्यात कायम करणार आहेत, असं तालुक्याच्या कचेरीतल्या बाल्ताझार सरांनी शब्द देऊन सांगितलंय. नाही धरली तर बहिणीच्या गाळ्यावर कोबीची पानं सोलायला परत. इतकी वर्षं हंगामी म्हणून राबले, आता पुरे झालं. हा उतार मी हिरवा करणारच.

३ जून

ट्रक आला. मी धावत खाली गेले तर आत पाइनचं एकही रोप नाही. खालच्या गरम मुलखातली, बाभळीसारखी कसली तरी झाडं भरून पाठवलीत. इथल्या थंडीत ती डिसेंबरही बघणार नाहीत. सरांना फोन लावला तर म्हणतात, झाड ते झाड, हिरवं आहे ना, लावून टाक. तालुक्याच्या खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातंय. मी ट्रक तसाच परत पाठवला. ड्रायव्हर जाताना म्हणाला, मॅडम, तुमची नोकरी फार दिवसांची दिसत नाही.

१४ जून

शेवटी पाइनची रोपं मिळाली, आणि आता माणसांचं घोडं अडलंय. बायका पहाटेपासून हजर असतात. गवत कापतात, खड्डे खणतात, पाठीवर पाणी वाहतात, कशाला नाही म्हणत नाहीत. पण रोप मातीत ठेवायची वेळ आली की एकीला चूल आठवते, दुसरीला डुकरं, आणि फेर्मिनला लघवी लागते. हा फेर्मिन एकटाच पुरुष गडी, आणि जीभ दहा माणसांची. म्हणतो, खड्डा आमचा, रोप तुझं, मॅडम, वाटणी कशी सरळ आहे.

मी मनांगला खोदून विचारलं. ती म्हणाली, आमच्याकडे पाइन कुणी लावत नाही, ते आपलं आपण येतं. मूल जन्मलं की घरचे लोक रानात जातात, आपोआप उगवलेलं एक रोप बघतात आणि त्याला बाळाचं नाव सांगून येतात. ते त्याचं झाड. म्हातारा होऊन मेला की तेच तोडून त्याची शवपेटी करायची. ज्याच्या हातानं रोप मातीत जाईल त्याच्याकडे ते आपला मालक म्हणून बघणार, आणि आमच्यापैकी प्रत्येकाचं एकेक झाड आधीच आहे, मग दुसऱ्याला हात कोण लावील. मग तुझं झाड कुठलं, असं तिनं विचारलं. मी शहरातल्या दवाखान्यात जन्मले, माझं कुठलं झाड. हे ऐकून तिला खरंच वाईट वाटलं. मला मात्र माझ्या पाठीचं वाईट वाटतंय, कारण पूर्ण उतार एकटीनं वाकून लावावा लागणार आहे.

२९ जून

अर्धीअधिक मेली. पानांच्या सुया आधी पिवळ्या, मग विटकरी. पाऊस वेळेवर आहे, खड्डे नीट आहेत. जुन्या पाइनखालची माती घातल्याशिवाय मुळं धरत नाहीत हे मलाही कळतं, म्हणून पलीकडच्या रानातून ती माती आणायला सांगितली. फेर्मिननं कुरकुरत वाहिली. मी पुन्हा सगळं लावलं. गुडघे सोलले गेलेत.

१० जुलै

तीही चालली. माती घातली, गवत काढलं, गुरांना कुंपण घातलं, आता मी काय स्वतःला पुरून घेऊ? सरांचा फोन आला, फोटोत हिरवं का दिसत नाही म्हणून. दुपारी बायका भाजलेली रताळी खात खिदळत होत्या आणि माझा तोल गेला. नाही नाही ते बोलले. तुम्हाला तुमच्या रानाचीच पर्वा नाही, तुम्हाला फक्त मजुरी हवी, असंही बोलले. सगळ्यांनी रताळी खाली ठेवली. फेर्मिननं तेवढं म्हणून घेतलं, की आपण कुणाची हे त्या रोपांना कुणी सांगितलंच नाही, मग ती कशाला थांबतील. मी त्याला म्हटलं, तूच सांग जा त्यांना.

मनांगनं जेवताना माझ्या ताटात मांसाचा मोठा तुकडा वाढला. रागावली असती तर परवडलं असतं. उद्या बैठकीसाठी तालुक्याला जायचंय, तिथेही बोलणीच खायची आहेत.

१७ जुलै

विश्वास बसत नाही. जीपनीच्या वळणावरून उतार दिसला आणि मी ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली. सगळी रोपं ताठ आणि हिरवीगार, जी मेली म्हणून मी सोडून दिली होती तीसुद्धा. शेंड्यांना नवे कोंब. मी तिथे रस्त्यातच बसले आणि रडले.

मी नसताना यांनी कोंबडा कापला, तांदळाची दारू शिंपडली आणि अख्खा दिवस उतारावर ओणवं होऊन एकेका रोपाला नाव सांगितलं. कुणाचं, असं विचारलं तर सगळ्या एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. मनांग म्हणाली, कुणाचं म्हणजे, तुझंच, डेल्फिना. हात तुझा लागलाय, आणि बिचारीला जगात एकही झाड नाही, म्हणून आम्ही सगळीच दिली. फेर्मिन म्हणतो, आता मेलीस तर तुझ्या पेट्यांत गाव झोपेल. मी त्याला चापट मारली. मुळं नेमकी याच दिवसांत धरली असणार, नव्या मातीचा गुण. पण ज्यांना मी तेवढं बोलले त्यांनी माझ्यासाठी दिवसभर पाठ मोडून घेतली, याची मला लाज वाटली, आणि आनंदही झाला.

३० जुलै

रोपं डोळ्यांदेखत वाढतायत. पाइन इतक्या वेगानं वाढत नाही, पण तक्रार कोण करणार. सर खूश आहेत. तपासणी वीस ऑगस्टला, त्याच दिवशी कायमचा हुकूम.

चिडचिड मात्र काही संपत नाही. दुकानात मी आधी उभी असताना माझ्या मागच्या तिघींना आधी सामान दिलं. मी दोनदा कॉफी मागितली तरी दुकानदारीण आपली काच पुसत राहिली. शहरातली म्हणून मुद्दाम करत असेल तर तसं तोंडावर सांगावं.

८ ऑगस्ट

आज मनांगनं माझं ताटच लावलं नाही. मी समोर बसलेली. तिचा हात घरच्यांची चार ताटं मांडून थांबला. मी म्हटलं, मनांग, माझं? तर दचकली आणि म्हणाली, अगंबाई, तू इथेच होतीस होय, मी तर तुला उतारावर हाक मारून आले, तू ओ दिलीस की वरून, येते म्हणून.

मी दिवसभर घरातून बाहेर पडले नव्हते.

११ ऑगस्ट

जीपनी थांबली नाही. रस्त्याच्या मधोमध उभी राहून हात हलवत होते. गाडी अंगावर आली, मी गटारात उडी मारली म्हणून वाचले. ड्रायव्हर ओळखीचा आहे. त्यानं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. संध्याकाळपर्यंत त्याला शिव्या घालत होते. आता लिहिताना वाटतंय की त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, रिकाम्या रस्त्यावर असतं तसं.

१३ ऑगस्ट

लाकाय, म्हणजे आजोबा, बांगसोय परत आला. जळलेलं रान ज्या घराण्याचं, त्यातला हा सगळ्यात म्हातारा, लेकीकडे डोळ्याच्या ऑपरेशनला गेला होता. येताक्षणी उतार बघायला गेला आणि तिथूनच ओरडत खाली आला. बायकांना अंगणात उभं करून इतकं बोलला की मनांगसारखी बाई ओंजळीत तोंड लपवून रडली. म्हणे, नाव देणं म्हणजे खैरात वाटणं आहे का. माणसाला झाड एकच का असतं याचा कुणी विचार केला नाही? झाड माणसाचं नाव जन्मभर थोडंथोडं पितं. तो मरतो तेव्हा सगळं पिऊन झालेलं असतं, म्हणून तर पेटी त्याला आपली वाटते. आणि तुम्ही या पोरीला इतक्या तोंडांपुढे ठेवलंत.

बायका म्हणाल्या, आम्हाला काय ठाऊक, आजवर कुणी एका माणसाला एकाहून जास्त झाडं दिलीच नव्हती. लाकाय म्हणाला, त्यालाही असं होईल हे ठाऊक नव्हतं, फक्त उतारावर पाय ठेवताच त्याला माझ्या आवाजात कुणीतरी बसायला सांगितलं.

मग तो माझ्याकडे वळला, आणि त्याची नवी नजर मला शोधायला जरा वेळ लागला. म्हणाला, पोरी, उपट. तुझ्याच हातानं, सगळी. गुडघ्याच्या वर जायच्या आत उपटलीस तर नाव परत सोडतील. पुढे नाही सोडणार.

मी त्याच्यासमोर एक उपटलं. सहज आलं. आणि त्याच क्षणी मागून मनांग म्हणाली, आदिंग, तुझ्या केसांत गवत अडकलंय. किती दिवसांनी तिनं माझ्याकडे नीट बघितलं होतं.

१४ ऑगस्ट

झोप नाही. उपटायचं तर ज्या हातांनी लावलं त्याच हातांनी नोकरीही उपटायची. तपासणी आठवड्यावर आली आहे. रोपं अजून गुडघ्याच्या बरीच खाली आहेत, मी मोजपट्टी लावून बघितली. सरांनी बघावं, हुकूम हातात द्यावा, जीप वळणापलीकडे गेली की मी उपटायला सुरुवात करते. मग पुन्हा लावू, एकेका माणसाचं एकेक. लाकायनं ऐकलं आणि मान हलवत निघून गेला. त्याचं काय जातंय. त्याला कुणी दर सहा महिन्यांनी काढून टाकलेलं नाही.

२० ऑगस्ट

दरड कोसळली. रस्ता बंद. तपासणी पुढच्या गुरुवारी. अख्ख्या पावसाळ्यात पडायला हाच दिवस सापडला.

मनांग आज एक ताट झाकून उताराच्या पायथ्याशी ठेवून आली. भात, मांस, रताळं. विचारलं तर ऐकलं नाही. मी तिचा खांदा धरून हलवला तेव्हा कुठे म्हणाली, डेल्फिनाला भूक लागली असेल, सकाळपासून वरच आहे.

मी चुलीजवळची खरवड खाल्ली.

२७ ऑगस्ट

रस्ता झाला. आता सरांना कुठल्याशा प्रशिक्षणाला जायचंय. फोनवर ओरडले मी, आजच या म्हणून. पलीकडून ते हॅलो, हॅलो करत राहिले आणि म्हणाले, कुणी बोलतच नाहीये. ठेवून दिला.

नंतर त्यांचा संदेश आला. तुझा फोन मिळाला डेल्फिना, छान गप्पा झाल्या, झाडं फार सुंदर वाढलीत म्हणालीस, ऐकून आनंद वाटला.

मी असं काही बोललेच नव्हते.

२८ ऑगस्ट

नको ती नोकरी. सकाळी कोयता घेऊन चढले. पाऊस रात्रभर पडला होता आणि रोपं — कालपर्यंत पोटरीला लागत होती. आज कमरेला.

एक धरलं. दोन्ही हातांनी ओढलं. येईना. कोयता घातला तर खोडातून डिंक आला, आणि माझा आवाज आला. दुखलं की मी जशी विव्हळते तसा. मी विव्हळले नव्हते. मी तोंड घट्ट मिटून घेतलं होतं.

खाली येऊन लाकायच्या दारात बसले. तो माझ्या शेजारून काठी टेकत गेला, पायरीवर जागा आहे म्हणून माझ्याच जागेवर टेकला. उठले कशीबशी. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय ना याचं. मग दिसत का नाही?

३ सप्टेंबर

ओरडून बघितलं. भांडी फेकली. मनांग म्हणाली, मांजर असेल.

फेर्मिन उतारावर बसून झाडांशी गप्पा मारतो. ती याला टोमणे मारतात, माझ्यासारखेच. खिदळतात. मला कधी जमले नाहीत इतके छान.

९ सप्टेंबर

बायका तिथेच, डोक्यावर गेलेल्या झाडांखाली बसून डबे खातात आता. डेल्फिना किती निवळली, म्हणतात. चिडत नाही पूर्वीसारखी.

चिडतेय मी. इथे. तुमच्यामध्ये बसून चिडतेय.

१२ सप्टेंबर

पेन धरवत नाही. हात कागदावर ठेवला तर ओळी दिसतात खालच्या — हातातून —

१५ सप्टेंबर

बहिणीला फोन. उचलला. हॅलो म्हणाली. मग रडत हसायला लागली, अगं किती दिवसांनी बोलतेयस, म्हणून. कुणाशी बोलतेय ती — मी तर अजून —

१८ सप्टेंबर

सर आले.

जिन्यावरून पळत उतरले. त्यांच्या समोर उभी राहिले. दंड धरला. त्यांनी डास बसल्यासारखा हात झटकला आणि मनांगला विचारलं, कुठे आहे आमची हुशार बाई? मनांगनं उताराकडे बोट केलं. अभिमानानं.

परत वर आलेय. खिडकीतून दिसतंय सगळं. सरांच्या हातात लिफाफा आहे. हुकूम. मी कायम झाले. त्यांनी हाक मारली, डेल्फिना — आणि सबंध उतार म्हणाला, आले सर. एकाच वेळी. माझ्या आवाजात.

ते हसले. आत शिरले. फांद्या त्यांच्यामागे मिटल्या.

मी खिडकीतून किंचाळतेय. खाली अंगणात कुणी मान वर करत नाही. कुणीही — इतके दिवस कुणीही —

वारा नाही. तरी सगळे शेंडे वळलेत. इकडे. खिडकीकडे.

मला बघतायत. त्यांना दिसतेय मी.

हाक मारतायत. आदिंग, ये, जेवलीस का — किती प्रेमानं — माझं नाव घेऊन. द्यायची नाही ओ. तोंड दाबून धरलंय. ओ दिली की संपलं, कळतंय मला. पण कित्येक दिवसांत पहिल्यांदा मला कुणीतरी हाक मारतंय, मला, आणि मी